आयच्या घरगाडीची बॅटरी

देवाधर्माचं सगळं करणारी आमच्या घरात आय. मी नुसती हात जोडणारी, आणि तेही तिनं डोळे वटारल्यावर. माझ्या आधी आमच्यात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजोबांची हयात मेंढरांमागं गेली, वडलांची उसात. मी लासुर्ण्याहून रोज एसटीनं बारामतीला जाऊन फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. त्यात लाजायचं काय? पण पदवीबरोबर एक खोडही लागली. जे मीटरवर दिसत नाही ते नाहीच, असं मी धरून चालायची. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

तीन वर्षांपूर्वी आय गोठ्यात घसरून पडली ती कंबरेखाली अधूच झाली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या भरायला वर्ष गेलं. तेव्हापासून ती हवेच्या गादीवर असते. एक छोटा पंप त्या गादीत आळीपाळीनं हवा भरतो आणि सोडतो, त्यामुळं पाठीच्या एकाच जागी भार येत नाही. पंप फार वेळ बंद राहिला तर जखमा पुन्हा उघडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आयचा मात्र एकच धोशा, खंडोबाला जायचं. "गड चढाय न्हाय आलं तर खालनं बघीन. पर बघीन."

मग मी आणि माझा धाकटा भाऊ म्हादू, आम्ही दोघांनी पिकअपच्या मागं जोडायची एक घरगाडी बनवली. दोन चाकांच्या जुन्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली, आत आयची गादी, पंखा, आणि पंपासाठी बॅटरी-इन्व्हर्टर. पिकअप चालू असली की तिच्या डायनॅमोवर मागची बॅटरीही भरत राहायची. वायरिंग सगळं माझं. गावातून चार फेऱ्या मारून बघितलं, बॅटरी झकास भरत होती. तेवढ्यात आय म्हणाली, देवाकडं नवी गाडी न्यायची तर भंडाऱ्याच्या रंगाची पाहिजे. अर्धवट काम मला जमत नाही. मी एकूण एक नट-बोल्ट खोलला, सांगाड्याला पिवळ्या ऑइलपेंटचे दोन जाड हात दिले, आणि वाळल्यावर सगळं पहिल्यासारखं आवळून टाकलं.

रंग वाळल्या दिवशीच आयनं गाडीत मुक्काम ठोकला. "हितंच निजते. न्हायतर सकाळी मला इसरून जाशीला." दोन रात्री ती पंखा लावून गाडीतच झोपली. बॅटरी निम्मी उतरली, पण वाटेत भरेलच म्हणून मी निर्धास्त. निघालो तेव्हा मी आयच्या उशाशी बसले होते, म्हादू पुढं हळूहळू हाकत होता.

बारामती अजून थोडी पुढं होती तेव्हा इन्व्हर्टर टीं टीं करून ओरडायला लागला. बॅटरी भरायच्या ऐवजी उतरतच चालली होती. म्हादूनं गाडी लिंबाखाली घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि मी मीटर घेऊन खाली उतरले. बॅटरीतलं पाणी बघितलं, बरोबर. टर्मिनल घासली. फ्यूज शाबूत. पिकअपच्या सॉकेटवर मीटर लावला, चौदाच्या वर व्होल्ट, म्हणजे पुढून वीज येत होती. सॉकेटपासून बॅटरीपर्यंतची तारही धड. आणि बॅटरीवर पावणेबारा! तासभर मी त्याच त्या जागा तपासत होते. शेवटी निकाल दिला की बॅटरीच मेली.

"आक्का, तुझी पदवी चार्जिंगला लावायची का?" म्हादू म्हणाला. नेहमी मी त्याला परत दोन सुनावते. त्या दिवशी मी पुन्हा मीटर लावून बघितला. इन्व्हर्टर आणखी तासभर काढेल की नाही सांगता येत नव्हतं. जेजुरी लांब होती, घर जवळ. "फिरव माघारी," मी म्हणाले.

आयनं आतून ऐकलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. नुसतं म्हणाली, "बरं. त्याच्या मनात नसंल." मी गाडीच्या मागं जाऊन चाकाला टेकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता हात जोडले आणि म्हणाले, मला येत होतं तेवढं मी केलं, देवा. आता मला कळत नाही. एवढंच. नवस नाही, काही नाही.

तेवढ्यात समोरून येणारा एक टेम्पो रस्त्याच्या पलीकडं थांबला. मागं हे एवढाले स्पीकर बांधलेले. सत्तरीचा एक म्हातारा खाली उतरला, तांबडा पटका, कानात बाळी, आणि रस्ता ओलांडून थेट आमच्याकडं आला.

"कुल्फी हाय का?"

"काय?"

"कुल्फी. पिवळी गाडी लांबनं दिसली. म्हनलं, ऊन लई हाय, एक खावी."

म्हादू पोट धरून हसायला लागला, आतून आयही हसली. मी चिडून म्हणाले, "तात्या, कुल्फीची गाडी न्हाय ही. आमची आई हाय आत. बॅटरी भरंना झालीया."

"व्हय? मग दावा की. मी जत्रंत स्पीकर लावतो. बॅटऱ्या म्हंजी माझ्या बायकूच्या सवती हायत्या." बोलत बोलत ते खाली बसलेसुद्धा. मी काय काय तपासलं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वीज येती कुठनं त्ये बघितलं. जाती कुठनं?"

"जाती म्हंजी?"

"मेंढरं सोडाय कुनीबी सोडतंय, बाय. सांजच्याला तळावर माघारी याची वाट आधी बघावी लागती. आमी लहानपनी त्येच केलं."

हे मला पुस्तकात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. वीज एका तारेनं येते, तिला परत जायला दुसरी वाट लागते. आमच्या गाडीत ती परतीची वाट म्हणजे बॅटरीची काळी तार सांगाड्याला आवळलेला एक बोल्ट. तात्यांनी त्याच्यावर नख फिरवलं. "रंग झ्याक दिलाय. पार बोल्टाखालीबी." दोन जाड हातांच्या रंगावर मीच तो बोल्ट छान आवळून ठेवला होता. रंगातून वीज जात नाही. तात्यांनी टेम्पोतून कानस आणली, बोल्टाखालचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडला आणि पान्यानं तार आवळली. मी बॅटरीला मीटर लावला. काटा नव्हता, आकडे होते, पण ते माझ्या डोळ्यांदेखत चढत गेले. बारा, साडेबारा, तेरा.

"तात्या, तुमचं नाव तरी सांगा."

"कळंबचा स्पीकरवाला म्हना. देवाला ठावं हाय. माझ्या नावानं चिमूटभर भंडारा उधळा." आणि कुल्फी न खाताच तो माणूस इंदापूरच्या अंगाला निघून गेला.

तो देवानं धाडला होता की नुसतं उन्हानं, हे मी सांगणार नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्या रंगानं आमचं काम अडवलं, त्याच रंगानं त्याला थांबवलं. आणि मी हात टेकले तेव्हा तो आला. मी शिकले त्याचा मला आजही अभिमान आहे, मीटरही कायम जवळ असतो. पण सगळं माझ्याच हातात आहे, हे ओझं त्या लिंबाखाली खाली उतरलं. तात्यांचे आभार मानायला मला शब्द पुरत नाहीत.

ऊन कलतं झालं तेव्हा आम्ही जेजुरीत पायथ्याशी पोचलो. म्हादूनं तात्यांच्या नावाचा भंडारा उधळला. घरगाडीचं मागचं दार आम्ही सताड उघडलं. आयला पडल्या पडल्या सगळा गड दिसत होता. ती किती तरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, ती घुरघुर जरा बंद कर. त्यो काय म्हनतोय त्ये ऐकू येईना मला."

मी पंपाचं बटण बंद केलं आणि तिचा हात धरून बसले. तिनंच "लाव आता" म्हणेपर्यंत किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.