सापवालीचे डोळे

मी नणंद आहे, त्यामुळे वहिनीचं कौतुक करायची मला सवय नाही. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी कामाची आहे, पण बघते कशी ते बघ. समोरच्याच्या थेट डोळ्यांत." आईचं म्हणणं खरं होतं. बोलताना वहिनीची नजर हलायचीच नाही. भाजीवाला मापात मारायला लागला की ही नुसती बघत उभी राहायची, आणि तो आपणहून मूठभर जास्त टाकायचा. आई म्हणायची, "डोळे वटारते." मी म्हणायचे, "वटारत नाही, तिचे डोळेच तसे आहेत." वाद तिथेच मिटायचा, कारण भाजी पिशवीत आलेली असायची.

अशा बाईला मी आमच्या कारखान्यात चिकटवलं. दुकानांच्या काचेमागे साड्या-कपडे घालून जे पुतळे उभे असतात, ते आमच्याकडे बनतात. साच्यातून फायबरची धडं, हात, पाय निघतात, पुट्टी भरून घासले जातात, रंगाचा फवारा बसतो. केसांचे टोप माझ्या टेबलावर तयार होतात. चेहरे मात्र खिडकीजवळच्या टेबलावर जातात, कारण डोळे रंगवायला दिवसाचा उजेड लागतो. दोन वर्षांत ते टेबल वहिनीचं झालं. सगळे तिला डोळेवालीच म्हणायला लागले.

डोळ्यांचा आमच्या धंद्यात एक नियम आहे. बुबुळ कधी मधोमध काढायचं नाही. बाईचा पुतळा असेल तर जरा बाजूला, जरा खाली. मधोमध काढलं की पुतळा बघणाऱ्याकडे बघतो, आणि तुम्ही डावीकडे जा की उजवीकडे, नजर तुमच्याबरोबर येते. गिऱ्हाईक अस्वस्थ होतं आणि दुकानाबाहेर पडतं. पुरुषांच्या पुतळ्यांची नजर मात्र लांब, वरच्या बाजूला ठेवायची. त्यांना म्हणे तिकडे काहीतरी मोठं दिसत असतं. मला तर ते बस कधी येते हे बघत असल्यासारखेच वाटतात.

आमचा सुपरवायझर म्हणजे फुटपट्टी. हे नाव आम्ही बायकांनी ठेवलेलं. हातात कायम स्टीलची पट्टी, तिने पुतळ्यांची मापं घ्यायची आणि जाता येता कुणाच्या पाठीला, कुणाच्या दंडाला टोचायचं. आम्ही अंग चोरायचो आणि मूग गिळून बसायचो. वहिनी अंग चोरायची नाही, वळून बघायची. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

एके दिवशी ती व्हार्निश आणायला स्टोअरमध्ये गेली आणि फुटपट्टीने आत शिरून दार लावलं. ती बाहेर आली तेव्हा तिची बाही फाटलेली होती. रडली नाही. तशीच मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि काय झालं ते सरळ सांगितलं. मालकांनी त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मी आज दिवसभरात स्टोअरमध्ये पाऊलही टाकलेलं नाही." मालक वहिनीकडे वळून म्हणाले, "तू अशी टक लावून बघतेस बाई. समोरच्याचा गैरसमज होणारच."

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल गेलं. तिला पायांकडे बसवलं, मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. फायबरच्या पायांची नखं रंगवायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी माझा भाऊ म्हणाला, "सोड ती नोकरी, मी आहे ना." वहिनी म्हणाली, "मी का सोडू? मी काय केलं?" ती रोज डबा घेऊन निघायची आणि नखं रंगवत बसायची.

अशातच एक कपड्यांची डिझायनर आमच्याकडे आली. तिचं एका मोठ्या दालनात प्रदर्शन होतं, आणि प्रदर्शनाच्या दाराशी तिला एकच पुतळा हवा होता. ग्रीक पुराणातली राक्षसीण, मेदुसा. आमच्यापैकी कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. चहाच्या सुट्टीत ती आमच्यातच स्टुलावर बसली आणि गोष्ट सांगायला लागली. मेदुसा सुंदर होती. समुद्राच्या देवाने देवीच्या देवळातच तिच्यावर जबरदस्ती केली. देवी भडकली आणि तिने शाप दिला: केसांचे साप होतील आणि जो तिच्याकडे बघेल त्याचा दगड होईल.

"शाप कुणाला दिला?" मागच्या कोपऱ्यातून वहिनीने विचारलं.

"तिलाच."

"आणि त्याला?"

"त्याला काही नाही. तो देव होता ना."

फुटपट्टीला एकदम एका पुतळ्याची कंबर मोजायची आठवण झाली.

"पुढे एका वीराने ती झोपलेली असताना तिचं मुंडकं कापलं," डिझायनर म्हणाली. "चित्रांत बघा, मूर्तींत बघा, जिकडे तिकडे ते कापलेलं डोकंच. मला ती अख्खी हवीय. मान जागेवर असलेली." मग ती माझ्याकडे वळली. "आणि ताई, साप चिडलेले नकोत. झोपेतून उठल्यासारखे हवेत. तिचेच आहेत ते, तिच्यावर कशाला फुत्कारतील?" मला हे फारच पटलं. तारेवर रेशमी दोरा गुंडाळून मी साप केले, काही कानामागे, काही खांद्यावर विसावलेले. ड्रेस तिने स्वतः शिवला होता. चामड्याचे काळे-हिरवे खवले, गळ्यापासून टाचेपर्यंत. कारखान्यात पुतळ्याचं नाव सापवाली पडलं.

राहिले डोळे. नवीन पोरीने तीन चेहरे बिघडवले तेव्हा मालकांनी वहिनीला बोलावलं. मी टोप दाखवायला तिथेच उभी होते. ते म्हणाले, "तुझं टेबल तुला परत. दोन गोष्टी करायच्या. एक, नजर नेहमीसारखी खाली. त्या डिझायनर बाईच्या मनात काय आहे ते असो, पुतळा माझ्या नावाने जातो. दोन, पुतळा पाठवायच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं की ते स्टोअरचं जे काही होतं, तो तुझा गैरसमज होता. नाहीतर नखं आहेतच."

वहिनी म्हणाली, "आधी टेबल द्या."

मालकांनी तो होकार समजला. मीही समजले, आणि घरी तिच्यावर तुटून पडले. "एका टेबलासाठी मान खाली घातलीस? मग तेव्हाच गप्प बसायचं होतंस!" ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू तुझे साप कर."

तिने पुतळ्याचा चेहरा खिडकीकडे वळवून ठेवला आणि कुणाला बघू दिला नाही. काम संपलं तेव्हा शेवटचं जाड व्हार्निश दिलं आणि सापवालीला उचलून वाळवणीच्या जागेवर आणून उभं केलं. ही जागा हॉलच्या मधोमध आहे. हवा तिथेच खेळती असते, आणि फुटपट्टीचं टेबलही तिथेच असतं, कारण तिथून सगळ्या बायका दिसतात.

आम्ही गोळा झालो आणि जागच्या जागी थांबलो. बुबुळं मधोमध होती. ना राग, ना रडू. नुसती सरळ बघत होती, अगदी भाजीवाल्याकडे बघावं तशी. मी डावीकडे गेले, ती बघत होती. उजवीकडे गेले, तरी बघत होती. मी वहिनीचा हात धरला. तो रंगाने चिकट झाला होता.

फुटपट्टी आला, बसला, आणि लगेच उठला. "हिला झाका."

"ओल्या व्हार्निशवर कापड टाकायचं नाही," वहिनी म्हणाली. भिंतीवर तशी पाटीच होती, त्याच्याच सहीची. हवा दमट होती आणि व्हार्निश वाळता वाळत नव्हतं. त्याने खुर्ची फिरवून बघितली, तर पाठीत नजर खुपायला लागली. खांबाआड सरकवली, तर खांब अपुरा पडला. पॉलिशवाली हसली, मग दुसरी हसली. पट्टी टेबलावरच पडून राहिली आणि त्या दिवसांत कुणाच्या दंडाला टोचली नाही.

पुतळा पाठवायच्या दिवशी डिझायनर आली. सापवालीसमोर उभी राहिली आणि डोळे पुसून म्हणाली, "हेच." त्यामुळे त्या सरळ नजरेवरचा राग मालकांना गिळावा लागला. पण दुसरी गोष्ट ते विसरले नव्हते. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"हं, डोळेवाली. सांग काय सांगायचंय ते."

वहिनी सापवालीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हिने आता "गैरसमज" म्हटलं तर मला तिचं तोंड बघवणार नव्हतं, आणि नाही म्हटलं तर तिची खिडकी कायमची जाणार होती. ती फुटपट्टीकडे बघत राहिली. एक ती आणि एक सापवाली.

त्याच्या कपाळावर घाम आला. तो मालकांकडे वळला, पुन्हा तिच्याकडे, पुन्हा पुतळ्याकडे. "मालक, हिला बोलायला सांगा ना! अशी काय बघते? त्या दिवशीही अशीच बघत होती, दाराला पाठ लावून, एक शब्द न बोलता—"

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

"कुठल्या दिवशी?" वहिनीने विचारलं.

तो हललाही नाही. तोंड अर्धवट उघडं, हात तसाच वर. आमच्या वाळवणीत असे पुतळे पुष्कळ असतात.

"कुठलं दार?" हे मी विचारलं. मग पॉलिशवालीने विचारलं, साच्यावालीने विचारलं, नखांच्या टेबलावरच्या पोरीनेही विचारलं. आम्ही सगळ्या मालकांकडे वळलो, एकदम, आणि बघत राहिलो.

मालकांची नजर जरा बाजूला होती, जरा खाली.