पाच दिवसांचं ‘बरोबर’

रंगारीकाकांचं ‘बरोबर’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बावीस वर्षं त्यांनी सूत रंगवण्याच्या कारखान्यात काढली. तो बंद पडल्यावर ते इथे आले आणि नावही सोबत आलं. काम मात्र निराळं. भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरांच्या हार्ड डिस्क फोडायच्या, त्यांतली लोहचुंबकं काढायची, ती अ‍ॅसिडात विरघळवायची आणि त्या गढूळ पिवळ्या पाण्यातून निओडिमियम नावाचा दुर्मिळ धातू वेगळा काढायचा.

वेगळा काढतो तो पडदा. पण हा पडदा दाराला लावायचा नव्हे. एका जाड नळकांड्यात केसांसारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी असते आणि तंतूंच्या अंगावरच्या बारीक छिद्रांत एक तेलकट द्रव मुरवलेला असतो. तंतूंच्या आतून पिवळं पाणी वाहतं, बाहेरून स्वच्छ अ‍ॅसिड. मधलं तेल भारी चोखंदळ. लोखंडाला उंबऱ्यावरूनच परत पाठवतं आणि निओडिमियमला तेवढं पलीकडे नेऊन सोडतं. पलीकडचं पाणी मग फिकट जांभळं होतं. एखादा तंतू फुटला, की लोखंडही घुसतं आणि जांभळ्यात पिवळट झाक येते.

प्रयोगशाळेचा आकडा यायला दुपार होते. ती झाक त्याआधी कुणाला दिसत असेल तर रंगारीकाकांना. नळकांड्याशेजारी काचेची उभी नळी आहे, तिच्यासमोर त्यांचं स्टूल. दर तासाला बघायचं, वहीत ‘बरोबर’ लिहायचं, नाहीतर झडप बंद करायची. सात वर्षांत त्यांनी अकरा वेळा झडप बंद केली आणि अकराही वेळा आकड्याने मागाहून मान डोलावली. याचा त्यांना गर्व नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. चांगला मणभर होता.

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. पाठोपाठ दोन ऑपरेशनं, दीड महिना रजा. बायको चार-चार वेळा औषध घालायची आणि म्हणायची, “जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसलात, आता थेंब घालून पडून राहा.” डॉक्टरांनी बजावलं होतं, की काही दिवस सगळं जरा निळसर वाटेल.

कामावर परतले तेव्हा हॉल कसा लख्ख दिसत होता. नवी भिंगं, दुसरं काय, असं म्हणत काका स्टुलावर टेकले. कुणीतरी त्यावर नवी गादीही घातली होती. त्यांनी नळीकडे पाहिलं, मग वाकून पुन्हा पाहिलं. पाणी निळसर होतं. जांभळ्याचा मागमूस नाही.

मागे केमिस्ट मॅडम उभ्या होत्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, नोकरीला वर्षही झालं नव्हतं.

“काका, कसं आहे?”

“बरोबर,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

दुपारी आकडा आला. तोही बरोबर. म्हणजे पाणी ठीक आहे आणि डोळेच गेले, असा हिशेब काकांनी मांडला. उद्या तंतू फुटला आणि पिवळट झाक आली, तर ती आपल्याला कळायची कशी? हे बोलावं, तर स्टूल गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावत त्यांनी पाच दिवस वही भरली. रोज घाम पुसत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बायको खिडकीशी शिवण घेऊन बसली होती. जांभळं कापड पुढे करून तिने दोऱ्यांचा डबा सरकवला. “याला जुळणारा काढा बघू.” काकांनी डब्यातलं नेमकं रीळ उचललं. तसूभर फरक नव्हता.

“डोळे ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. “तोंड का उतरलंय, ते सांगा.”

काकांनी सगळं सांगितलं. तिने दोरा ओवला आणि मग म्हणाली, “हे मला सांगून काय उपयोग? ज्यांना फसवलंत, त्यांना सांगा.”

सहाव्या दिवशी वही न उघडताच काका मॅडमपुढे उभे राहिले. “पाच दिवस मी खोटं लिहितोय. मला पाणी निळं दिसतंय.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “मलाही निळंच दिसतंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बरोबर म्हणालात ना. आकडाही ठीक येत होता. म्हटलं, आपल्याला काय कळतंय.”

मॅडमनी बाटलीत पाणी घेतलं आणि दोघं मागच्या दारातून उन्हात गेले. बाटली फिकट जांभळी झाली. आत आणली, निळसर. परत बाहेर, जांभळी. मॅडमनी कपाळावर हात मारला. काकांच्या रजेत छत गळत होतं, म्हणून वरच्या काचा काढून पत्रा टाकला होता आणि नवे ट्यूबलाइट लावले होते. “हा रंग उजेडाप्रमाणे बदलतो, पुस्तकात वाचलं होतं हो! म्हणजे तुमचं काहीच चुकलं नाही, काका.”

काका हसले नाहीत. “पाणी बरोबर होतं, मॅडम. मी नव्हतो. तुमचे डोळे धडधाकट असून माझ्या एका शब्दापायी तुम्ही ते मिटून घेतलेत. याची लाज वाटते मला.” त्यांनी वहीतली पाच दिवसांची ‘बरोबर’ एकेका रेघेने खोडली.

तेव्हापासून दर तासाला बाटली मागच्या दारात जाते आणि काका म्हणतात, “आधी तुम्ही सांगा.”

महिनाभराने एका सकाळी मॅडमनी बाटली उन्हात बराच वेळ धरली. “जांभळं आहे. पण कडेला किंचित पिवळट वाटतंय. भास असेल.”

काकांनी बाटली घेतली, फिरवली, डोळ्यांजवळ नेली. त्यांना जांभळंच दिसत होतं, स्वच्छ जांभळं. ‘बरोबर’ अगदी ओठांवर आलं होतं.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी झडप बंद केली.

दुपारी आकडा आला. लोखंड घुसलं होतं. काकांनी वही उघडली, बारावी नोंद केली आणि पुढे सावकाश लिहिलं, ‘मॅडमना दिसले.’