मार्कर आणला कोणी?

घरात हा परमनंट मार्कर आणला कोणी?

चार वर्षांत जितक्या घरांत कामाला गेलो, तितक्या घरांत मी हा प्रश्न विचारलाय. उत्तर एकानंही दिलं नाही. डाग भिंतीवर असतो, फ्रीजवर असतो, सोफ्यावर असतो. मार्कर मात्र कोणीच आणलेला नसतो. नवरा बायकोकडे बघतो, बायको पोराकडे बघते आणि पोरगं आमच्याकडे बघतं. जसं काही आम्हीच येताना घेऊन आलो.

आमचं काम लोकांची घरं साफ करून द्यायचं. मोबाईलवर त्याला डीप क्लीनिंग म्हणतात. आम्ही तिघं होतो. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा. संगीताताई, वारज्याची, गाव शहरात आलं तेव्हा न हलता पुणेकर झालेली. आणि मी, मंगेश. आम्ही दोघं भाऊ यवतमाळकडचे. दादा दहावी झालेला, मी पाचवीत शाळा सोडली.

दुसऱ्यांची घरं पुसताना किस्से असे अंगाला चिकटतात. आंघोळ केली तरी जात नाहीत. पूर्वी दादा सांगायचा आणि मी हसायचो. दादा गेला त्याला दोन महिने झाले. आता सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

घरी एक छोटा पांढरा बोर्ड आहे, पुतणीचा, परीचा. त्यावर दादाच्या हातची एक ओळ आहे, परमनंट मार्करनं लिहिलेली. वहिनीनं तो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. ती ओळ दिसली की तिला घास जात नाही. परवा म्हणाली, "भाऊजी, रविवारपर्यंत पुसून द्या. परीची शाळा सुरू होतेय." पुसायला मिनिट लागेल, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मी रविवारपर्यंत किस्से सांगतोय असं समजा.

*

वारज्यातला एक फ्लॅट. हॉलच्या भिंतीवर कोणीतरी क्रिकेटचे स्टंप काढलेले. तीन उभ्या रेघा, वर दोन बेल्स, सगळं काळ्या मार्करनं.

बाईंनी सांगितलं, मुलानं काढलं. मुलगा तीन वर्षांचा, तिथंच उभा, एका हातात बिस्किट. मी नेहमीसारखं विचारलं, मार्कर आणला कोणी? मुलाचे बाबा एकदम मोबाईलमध्ये घुसले.

दादानं रेघांना बोट लावून बघितलं. पट्टी धरून मारलेल्या. तिन्हींमधलं अंतर सारखं.

"अहो ताई," दादा म्हणाला, "बाळाचा हात लई सरळ आहे. इंजिनिअर होईल."

बाबा मोबाईलमधून वर न बघता म्हणाले, "झालोय."

*

विश्रांतवाडीला एक काका होते. त्यांना लिहून ठेवायची सवय. डब्यांवर लिहिलेलं, नळांवर लिहिलेलं, दाराच्या मागे 'दार लावले का?' लिहिलेलं. आता फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता, म्हणून काकूंनी आम्हाला बोलावलं. सगळं पुसा म्हणाल्या, मला चाळीस वर्षं वाचून कंटाळा आलाय.

आम्ही पुसत गेलो. काका आमच्या मागं मागं फिरत होते. हॉलच्या स्विचबोर्डावर लिहिलं होतं, 'हे बटण दाबू नये.' बाण पण काढलेला. मी मेन स्विच बंद करून घेतला, कापडावर थोडं सॅनिटायझर घेतलं, दोन मिनिटांत बोर्ड नवा दिसायला लागला. आठ बटणं, आठही सारखी.

काम झाल्यावर दादानं विचारलं, "काका, दाबायचं नव्हतं ते कोणतं?"

काकांनी आठही बटणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लक्षात राहिलं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

*

हा किस्सा माझा आहे. संगीताताई तो सगळ्यांना सांगते, म्हणून मीच सांगून टाकतो.

कात्रजला एका घरात जेवायच्या टेबलावर डाग होता. पोरीनं प्रोजेक्ट करताना मार्कर कागदाच्या आरपार गेलेला. दादा बाथरूममध्ये होता. मला थांबायची सवय नाही. मी नेलपेंट रिमूव्हरची बाटली उघडली आणि सरळ ओतली. टेबल काचेचं वाटलं होतं. ते काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिक निघालं.

डाग गेला. डागाखालची चमकपण गेली. ताटाएवढा पांढरा धुरकट गोल पडला.

संगीताताईनं वाकून बघितलं. "डाग कुठं हाय आता? समदं टेबलच डाग हाय."

दादा आला. मला वाटलं मारणार. त्यानं घरमालकिणीला बोलावलं, चूक दाखवली, माफी मागितली. त्या म्हणाल्या, हे निघेल का? दादा म्हणाला, "वेळ लागेल." मग खाली बसला आणि टूथपेस्ट लावून दुपारभर तो गोल घासत राहिला. पूर्ण गेला नाही, पण ताट ठेवलं की दिसेनासा झाला.

घरी येताना गाडीवर त्यानं मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, काहीही लावायच्या आधी कोपऱ्यात लावून बघायचं. दोन, गिऱ्हाइकाला 'निघत नाही' कधी म्हणायचं नाही. वेळ लागेल, म्हणायचं.

मी म्हटलं, आणि नाहीच निघालं तर?

"तर वेळ लागतोय बे," दादा म्हणाला.

*

एक बाई नव्या घरात राहायला आल्या होत्या. सामान हलवणाऱ्या लोकांनी खोक्यांवर लिहायचं ते घाईत फ्रीजवरच लिहिलं. दारावर मोठ्या अक्षरांत, 'बेडरूम २'.

इकडे उतरवणारी माणसं वेगळी होती. त्यांनी वाचलं आणि फ्रीज बेडरूम दोनमध्ये नेऊन ठेवला. बाई ऑफिसमधून येईपर्यंत ती माणसं निघूनही गेली होती. चार दिवस सासूबाई दुधासाठी बेडरूम दोनमध्ये जात होत्या, आणि तिथं सासरे झोपलेले.

बाईंनी दार उघडल्या उघडल्या सांगितलं, आधी ते पुसा. मी बाटली काढली.

"थांब की," संगीताताई म्हणाली. "आधी खाली 'किचन' लिही. मग जाईल आपल्या पायानं."

*

आता बोर्डाचा किस्सा. हा नीट ऐका.

चार पोरं एका फ्लॅटमध्ये राहायची, आयटीवाली. हॉलमध्ये पांढरा बोर्ड, त्यावर कामांची वाटणी. झाडू कोण, कचरा कोण, भाजी कोण. दर आठवड्याला पुसून नवीन लिहायचे. एकदा भांड्यांची ओळ चुकून परमनंटनं लिहिली गेली. 'यश – भांडी.' बाकी सगळं बदलत गेलं, ती ओळ गेली नाही.

आम्हाला फोन यशनंच केला, बाकीचे ऑफिसला गेल्यावर. दार उघडलं तेव्हा त्याचे हात ओले होते. म्हणाला, "दादा, एक वर्ष झालं."

दादानं विचारलं, तुम्ही बोलला नाहीत का त्यांना?

"बोललो. ते म्हणतात, बोर्डवर आहे."

मी सॅनिटायझर काढलं. दादानं हात धरला. म्हणाला, थांब, याला काहीच लागत नाही. त्यानं तिथलाच साधा बोर्डाचा मार्कर उचलला, पुसला जाणारा. माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गिरव."

मला कळेना. पुसायचं सोडून गिरवायचं कशाला? दादा म्हणाला, त्या अक्षरांवरूनच जा, रेघ सोडू नको. साधी शाई खालच्या पक्क्या शाईला सैल करते. मग दोन्ही एकदमच निघतात. मी जीभ बाहेर काढून 'यश' गिरवलं. 'भां'वरचं टिंब राहिलं, दादानं ते पुन्हा गिरवायला लावलं. शाळेत बाईंनी माझ्यावर एवढी मेहनत कधी घेतली नव्हती.

मग कापड फिरवलं. बोर्ड कोरा.

यश बोर्डासमोर उभा राहिला. आम्ही बादल्या उचलल्या तरी तिथंच. मग त्यानं मार्कर घेतला, वास घेऊन खात्री केली, आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'रोहन – भांडी.'

"तो मार्कर साधा आहे ना?" दादानं विचारलं.

"साधाच निघाला," यश म्हणाला. "दुसरा कुठं ठेवलाय?"

*

दादाच्या घशात गाठ होती. ऑपरेशन झालं, गळ्यात श्वासाची नळी बसवली. त्यामुळे बोलता येत नव्हतं. खुणा करायचा. मला खुणा समजायच्या नाहीत आणि तो चिडायचा. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी परीचा बोर्ड घेऊन गेलो. मार्कर हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून घेतला. काळा मार्कर द्या म्हटलं, त्यानं दिला. त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी बघितलं नाही. चार वर्षं जे पुसलं, तेच विकत घेऊन आलो.

दादानं टोपण काढलं, लिहिलं, आणि लिहिता लिहिता थांबून बोर्डाकडे बघितलं. नळीमुळे वास त्याला येत नव्हता, पण शाई बघून कळलं. त्यानं ओळ पूर्ण केली आणि बोर्ड माझ्याकडे वळवला.

'हा परमनंट आहे बे. जा, बदलून आण.'

शेवटी टिंबसुद्धा दिलं होतं. दादा हसत होता. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. वहिनीपण हसली. मी पळालो.

दुकानात पाटी होती, 'विकलेला माल बदलून मिळणार नाही.' दुकानदारानं पाटीकडे बोट केलं. "वाचता येतं ना?"

म्हटलं, थोडंथोडं.

नवीन घेऊन निघून जायला पाहिजे होतं. पण दादानं 'बदलून आण' लिहिलं होतं, 'नवीन आण' नाही. म्हणून मी भांडलो. त्याचा मार्कर काऊंटरवर आपटला, मालकाला बोलवा म्हटलं. तोच मालक होता. किती वेळ भांडलो ते मला माहीत नाही. शेवटी नवीन घेतला, तो घेताना मात्र दोनदा विचारून घेतला.

वर आलो तेव्हा बेडभोवती पडदा ओढलेला होता. आत बरीच माणसं होती, पायच दिसत होते. नळीतून एकदम रक्त आलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. वहिनी पडद्याबाहेर उभी होती. बोर्ड तिनं छातीशी धरलेला, अक्षरं माझ्याकडे.

मार्कर आणला कोणी, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही.

*

आज रविवार. वहिनी स्वयंपाकघरात आहे. परी माझ्या शेजारी येऊन बसली, बोर्डाची वाट बघत. मी बोर्ड मांडीवर घेतला आणि त्या दिवशीचा साधा मार्कर काढला. दोन महिने माझ्या कामाच्या पिशवीत होता, टोपणही न उघडता.

आधी कोपऱ्यात बघितलं. शेवटचं टिंब गिरवलं, बोटानं पुसलं. एका झटक्यात गेलं.

मग 'हा'पासून सुरुवात केली. दादाचं अक्षर उजवीकडे कलतं. त्याच्यावरून गेलं की माझा हातही कलतो. 'परमनंट'ला वेळ लागला. 'बे'ची मात्रा त्यानं लांब ओढलीय. 'आण'पर्यंत आलो तेव्हा अख्खी ओळ नवी दिसत होती, आत्ताच लिहिल्यासारखी.

"काका, आता पूस ना," परी म्हणाली. कापड तिनंच आणून दिलं.

आतून वहिनीनं विचारलं, "निघतंय का हो भाऊजी?"

"वेळ लागेल," मी म्हटलं, आणि 'हा'पासून पुन्हा गिरवायला घेतलं.