कडेवर भाऊ घेऊन शाळा

आता शाळा म्हटलं की आईबापच लेकराच्या मागं पळतात. माझं उलटं होतं. मला शाळेत जायचं होतं, लई जायचं होतं, आणि आई म्हणायची, "जा की. पर ह्याला घिऊन जा."

ह्याला म्हणजे धाकट्या भावाला. तो वर्षाचा होता आणि आई दिवसभर रानात. तेव्हा एका हातात पाटी, कडेवर भाऊ, अशी मी पहिलीत जाऊन बसले. आमचं गाव मंद्रूपच्या अलीकडं, शाळा एका खोलीची, गुरुजी एकटेच. त्यांनी भावाकडं बघितलं आणि म्हणाले, "बस. पण हा रडला की तू बाहेर."

तो रडायचा कधी, तर पाढे म्हणताना. सगळी पोरं एका सुरात ओरडायला लागली की घाबरायचा. 'बे पंचे दहा'पर्यंत कसाबसा दम धरायचा, मग भोकाड. मी बाहेर लिंबाखाली. त्यामुळं माझे सगळे पाढे पाचापर्यंत एकदम पक्के. पुढचे मी लग्नानंतर शिकले, माझ्याच लेकीची उजळणी घेता घेता.

मग मला शेंगांची युक्ती सुचली. घरच्या भाजलेल्या शेंगा ओच्यात भरून न्यायच्या आणि त्यानं तोंड वाकडं केलं की आत दाणा. छान चाललं होतं. एक दिवस गुरुजी फळ्याकडनं वळले.

"ए पोरी, काय खातेस?"

"मी न्हाय गुरुजी, ह्यो खातोय."

"मग तोंड तुझं का हलतंय?"

"त्याला दोनच दात हायत, गुरुजी. मी चावून देते."

वर्गात हशा. गुरुजी फळ्याकडं तोंड करून बराच वेळ काही न लिहिता उभे राहिले. पाठ तेवढी हलत होती. तेव्हापासून पोरंही घरनं शेंगा आणायला लागली आणि भाऊ या मांडीवरनं त्या मांडीवर फिरायला लागला. गुरुजींची मांडीसुद्धा त्यानं सोडली नाही. रडायचंच विसरला.

पुढच्या पावसाळ्यात तो पळायला लागला आणि आई म्हणाली, "आता ह्यो बांधावर खेळंल. तू खुरपं घे. साळा बास झाली."

मी रडले, जेवले नाही. आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, चिडली की ती कानडीत बोलायची. त्या दिवशी तिनं मला दोन्ही भाषांत समजावलं.

सकाळी मी रानात खुरपत होते. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला आणि बांधावरचा भाऊ उठला तो थेट शाळेच्या वाटेला. मी धरून आणला, तर सरीत आडवा पडला. "साळा! साळा!" आईनं गूळ दिला, फेकला. धपाटा दिला, आवाज दुप्पट. शेजारच्या रानातली म्हातारी उभी राहून विचारती, "काय गं, पोराला इंचू चावला का काय?"

"साळा चावली!" आई म्हणाली.

रोज घंटा आणि रोज हेच. माझा वेळ त्याला धरून आणण्यात, आईचा त्याची समजूत घालण्यात, आणि तण आपलं निवांत वाढत होतं. शेवटी आईनं खुरपं टाकलं आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "खरं सांग, तूच शिकवलंस न्हवं ह्याला?"

"न्हाय गं आई, शपथ!"

खरंच शिकवलं नव्हतं. सुचलंच नाही, नाहीतर सोडलं नसतं.

आईनं कपाळाला हात लावला. "जा बाई, घिऊन जा ह्याला. तुझी खुरपायची पात मी काढते. कानाला तरी सुख लागंल."

परकराला माती पुसत मी पळाले. तो माझ्या पुढं. गुरुजी हजेरी घेत होते, ते थांबले.

"काय गं, आईनं सोडलं तुला?"

"मला न्हाय गुरुजी, ह्याला सोडलंय. मी नुसती पोचवायला आलीया."

"बरं. पोचवलंस, आता बस," ते म्हणाले आणि त्यांनी माझं नाव पुकारलं. मी तोंड उघडायच्या आत भाऊच ओरडला, "हजल!"