कॅन्सलची नोंद

कोशाच्या कचेरीत तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण मुख्य संपादक तिचा सख्खा धाकटा दीर. इंग्रजी शब्दांची कुळं सांगणारा कोश काढायचं त्याच्या मनात आलं, पण लॅटिन कळणारं माणूस हवं होतं. ते घरातच सापडलं. नऊ वर्षं वहिनी खिडकीशेजारच्या टेबलावर कार्डं भरत बसली.

तिची लाडकी नोंद ‘कॅन्सल’ची. आपण गाडी कॅन्सल करतो, बेत कॅन्सल करतो. पण शब्द मुळात जाळीचा. लॅटिनमध्ये कॅन्सेली म्हणजे पट्ट्यांची जाळी. जुने लेखनिक चुकलेल्या मजकुरावर आडव्यातिडव्या रेघा मारत, त्या जाळीसारख्या दिसत, म्हणून खोडणं म्हणजे कॅन्सेलारे. कोर्टात जाळीपाशी बसणारा कारकून पुढे चॅन्सेलर होऊन बसला, हे लिहिताना ती एकटीच हसली होती.

पहिल्या खंडाची छपाईआधीची शेवटची प्रुफं चुकून तिच्या टेबलावर आली. प्रस्तावनेत दिराने नमुना म्हणून हीच नोंद घातली होती, ‘माझ्या अभ्यासातून’ असं लिहून. खाली सहकाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं, आणि त्यावर लाल शाईच्या तिरक्या रेघा. लाल पेन कचेरीत एकच माणूस वापरायचा.

ती तडक त्याच्या खोलीत गेली. चष्मा पुसत त्याने समजूत घातली: घरच्यांचीच भरती केली असं लोक म्हणतील, आणि आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं. मग सहज बोलून गेला, “दादाला महिन्यापूर्वीच विचारलं होतं, वहिनी. तो म्हणाला, चालेल.”

दिराचं एक वेळ गिळलं असतं. पण नवरा महिनाभर समोर बसून जेवला, कोश कुठवर आला म्हणून विचारत राहिला, आणि पोटातलं ओठावर येऊ दिलं नाही.

घरी तिने एवढंच विचारलं, “मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

“तू चिडली असतीस. आणि धाकट्याचं मन मोडवेना.”

“माझं मोडवलं.”

दुसऱ्या दिवसापासून ती कचेरीत गेली नाही; एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली. दुसरा खंड अडला तसा दीर दोनदा येऊन गेला. तिने चहा दिला, मुलांची चौकशी केली, आणि त्याने कार्डांचा विषय काढताच कपबशा उचलून आत गेली.

नवऱ्याने माफी मागितली, मनापासून मागितली. तिने केलंही माफ. तरी तो काही सांगू लागला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग ऐकते.