किसनरावांच्या गाडीचा पांढरा

महागावहून उमरखेडकडे जाताना एका बाभळीशेजारी निळ्या शटरचं दुकान आहे. पाटी नाही. पाटी हवी कशाला? पंचवीस वर्षं झाली, गाडीला पोचा पडला की माणूस सरळ धरमसिंग राठोडकडे येतो. कोणी ट्रॉलीला घासून आणतो, कोणी घरच्याच फाटकाला. धरमसिंग आधी डोळे मिटतो आणि पत्र्यावरून तळवा फिरवतो. हात अडखळला की तिथं पोचा. मग आतून लोखंडी ठोकळा लावून बाहेरून हातोडीची अशी हलकी टुकटुक चालते की शेजारचा चहावाला म्हणतो, "झोप येऊन राह्यली बाप्पा मले!"

पण पत्रा सरळ करणारे ढिगानं मिळतात. धरमसिंगचं नाव रंगासाठी, त्यातही पांढऱ्यासाठी. आता तुम्ही म्हणाल, पांढऱ्यात जुळवायचं काय? हेच तर लोकांना कळत नाही! एकसारख्या दोन पांढऱ्या गाड्या आपल्याकडच्या उन्हात चार वर्षं उभ्या ठेवा. दोघींचा पांढरा वेगळा होतो. डब्यावरचा नंबर पाहून रंग मारला तर ठिगळ लांबूनच दिसतं. धरमसिंग पांढऱ्यात पिवळ्याचा, काळ्याचा, निळ्याचा एकेक थेंब टाकायचा आणि नेमका त्या गाडीचा पांढरा काढायचा. काम झाल्यावर मालकालाच विचारायचा, "सांगा भाऊ, कुठं लागली होती?" मालक शोधत बसायचा आणि हा गालात हसायचा. त्याच्या आयुष्यातला मोठा आनंद म्हणजे तेवढाच.

यंदा त्या आनंदाला दृष्ट लागली. मोहदीचे किसनराव जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लेकीनं, वैष्णवीनं, गाडी शिकताना दार घासून आणलं. धरमसिंगनं ते केलं. चौथ्या दिवशी किसनराव परत हजर.

"धरमसिंग, सावलीत बरोबर वाटते, पन उन्हात हे दार येगळंच दिसून राह्यलं."

त्यानं दार घासलं, पुन्हा रंगवलं. आठवड्यानं गाडी पुन्हा दारात. या वेळी किसनरावांनी नुसती चावी हातात दिली, "संध्याकाळी येतो," म्हणाले आणि गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चैत्रात तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला होता. ती चिठ्ठी धरमसिंगनं वरच्या खिशात दडवली आणि घरी अवाक्षर काढलं नाही. ज्याला रंग दिसत नाही तो कसला पेंटर? हे एकदा गावाला कळलं की संपलं सगळं. ही भीती त्याला जेवताना वाटायची, गाडी पुसताना वाटायची.

दुपारी त्याची बायको लालीबाई तांड्यावरून डबा घेऊन आली. ती रोज बाभळीच्या सावलीत टाके घालत बसते. लेकीच्या लग्नाची कांचळी, आरशांची चोळी, तिच्या मांडीवर असते. बायको दुकानात येते, पण कामात बोलत नाही, अशी त्यांची पद्धत. त्या दिवशी मात्र तिनं सुई थांबवली.

"हे दार निळं हाय."

"काय?"

"धोतराले नीळ जास्त झाल्यावानी दिसते. रस्त्यावरूनच दिसलं मले."

धरमसिंग भडकला. "तू आपल्या टाक्याचं पाह्य! पंचवीस वर्षं हेच करून राह्यलो मी."

लालीबाई उठली नाही, रुसलीही नाही. तिनं पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याच्या दोन लडी काढून त्याच्या हातावर ठेवल्या. "यातला दुधी कोनता अन् निळसर कोनता, सांगा."

धरमसिंगनं लडी डोळ्यांजवळ नेल्या. दोन्ही सारख्याच. मग बोटं दोऱ्यावरून हळूच फिरली. एक जाड, एक बारीक. दुधी दोरा जाड असतो हे घरात पाहून त्याला ठाऊक होतं.

"हा दुधी," तो झटकन म्हणाला.

"हातानं नाही. डोळ्यानं सांगा."

धरमसिंगचे हात खाली आले.

"चिठ्ठी मी तवाच पाह्यली," ती म्हणाली. "सदरा मीच धुते ना? वर डोळ्याचं चित्र होतं. वाटलं, हे आपल्या तोंडानं आज सांगतीन, उद्या सांगतीन."

"मले भेव वाटलं, लाली."

"मंग मले सांगायचं ना! कायले एकट्यानं भेत बसले?"  मग तिनं पदर खोचला. "आणा ती रंगाची वाटी."

त्यानं दार पुन्हा घासलं. वाटीत पांढरा ओतला. तो एकेक थेंब टाकी, ढवळी, डब्यांच्या एकेका झाकणावर पुसून उन्हात वाळवी. ती झाकण दाराशेजारच्या पत्र्याला लावून पाही. "पिवळा कमी हाय." "अजून." "आता काळा, सुईच्या टोकाएवढा." नवव्या झाकणाला ती म्हणाली, "बस." धरमसिंगला आठवं आणि नववं सारखंच दिसत होतं. तरी त्यानं ऐकलं.

संध्याकाळी किसनरावांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या. उन्हाकडून पाहिलं, सावलीकडून पाहिलं. "वा रे वा! तुझा डोळा म्हणजे डोळा, धरमसिंग!"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण तो नुसता हसला. लालीबाईनं कांचळी घडी केली, रिकामा डबा उचलला आणि त्याच्यासाठी न थांबता तांड्याची वाट धरली. किसनराव कौतुक करत राहिले. धरमसिंगला त्यातलं काही गोड लागलं नाही. स्वतःचीच लाज वाटत होती.

सकाळी तो चहाही न घेता घरातून निघाला. लालीबाई मागून आली तर शटर बंद आणि हा समोर उकिडवा बसलेला. हातात ब्रश, शेजारी कालच्या उरलेल्या पांढऱ्याची वाटी. निळ्या शटरवर ठळक अक्षरं उमटली होती. रस्त्यावरून जाणारे थांबून वाचत होते, चहावाला तोंडावर हात ठेवून उभा होता.

तिला वाचता येत नाही. "काय लिवलं जी?"

धरमसिंगनं अक्षरांवर बोट ठेवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "पंधरा दिवस दुकान बंद. धरमसिंगच्या मोतीबिंदूचं काम चालू आहे."

"अन् खाली?"

त्यानं बोट खालच्या ओळीवर नेलं. 

"खाली लिवलं हाय, किसनरावच्या गाडीचा रंग लालीबाईनं जुळवला."