नानांनी पाहिलेलं उदेपूर

आमच्या नानांना नाक मुरडायला कारण लागत नसे. दोंडाईच्याच्या बाजारात स्वतःच्याच मिरचीची मूठ उचलून ते तिच्याकडे अशा काही नजरेनं बघत, की गिऱ्हाईकच मिरचीची बाजू घेऊन बोलू लागे. वडिलांमागे या चुलत्यांनीच मला वाढवलं, बी.ए. केलं, आणि झाल्यावर त्या बी.ए.लाही नाक मुरडलं.

मला उदेपूरला मास्तरकी मिळत होती. नानांच्या होकाराशिवाय मी जाणार नव्हतो. खरं म्हणजे जायची छाती नव्हती. नाना म्हणाले, “पोर देवाना येळे घर दखतस. पोऱ्या देवाना येळे गाव दखाले नको?” लेक देताना घर बघतात, तसं मुलगा देताना गाव बघायचं. आणि भर वैशाखात, तीन गाड्या बदलून, दशम्यांचं गाठोडं आणि चितोडला भरून घेतलेला फिरकीचा तांब्या सांभाळत ते माझ्याबरोबर एका दिवसासाठी उदेपूरला उतरले.

मी त्यांना आधी तलावाच्या घाटावर नेलं. मी गळाबंद कोट घातला होता. घामाने भिजून, जणू तलाव माझ्याच मालकीचा आहे अशा थाटात मी हात पसरला. नानांनी डोळ्यांवर हात धरून पैलकाठ न्याहाळला.

“इतलं पानी, नि एक मोट नही?”

पाण्यातल्या महालाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, की ढोरं कुठे बांधतात. गल्ल्यांमधून फिरताना मी तिथल्या शांततेची तारीफ केली, तर म्हणाले, “दुपार व्हयनी तरी कोनी भांडत नही. गाव शे का दुखनाईत शे?”

मग मी विद्वत्ता काढली. हा तलाव निसर्गाची देणगी आहे, असं ठासून सांगितलं. घाटावरचा नावाडी हसला. म्हणाला, बांध घालून अडवलंय हे पाणी. धान्य वाहणाऱ्या एका बंजाऱ्याचं काम. नाना उठले, बांधाचे दगड चाचपून आले आणि माझ्याकडे मिरचीकडे बघायचे तसं बघून म्हणाले, “तूच शिकाडशी ना पोरेस्ले?”

खरी फजिती माझ्या होणाऱ्या शाळेच्या हेडमास्तरांच्या ओसरीवर झाली. भल्या माणसाने वाळ्याचं पाणी पुढे केलं. नानांनी पेला दोन बोटांनी सारला, गाठोडं सोडलं आणि दशमी-चटणी खाऊन आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. मी घाईघाईने थाप मारली, की नानांचं पोट बिघडलंय. त्यांनी तत्काळ वैद्यांना बोलावून काढा करवला. नानांनी माझ्याकडे बोट केलं, “याले पाज.” मी प्यालो. दुपार कशी गेली ते सांगत नाही.

संध्याकाळी स्टेशनात मी चिडलो होतो. नानांचा नकार तर ठरलेलाच, पण माणुसकी म्हणून त्यांच्या रिकाम्या तांब्यात नळाचं पाणी भरून आणलं. ओठ सुकले होते त्यांचे. तरी तांब्या त्यांनी परत माझ्याच हातात दिला.

“दिधेल घरनं पानी पेतस का, येड्या?”

लेक दिलेल्या घरी आमच्याकडे बाप पाण्याचा थेंबही घेत नाही. म्हणजे हेडमास्तरांच्या ओसरीवर, पेला सारला तेव्हाच, सोयरीक होऊन गेली होती. आणि मी काढा पीत बसलो होतो.

पुढे पंधरा वर्षं मी तिथे पोरं शिकवली. नाना आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा तहानेलेच परत गेले.